९८ ची ओम्नी पावसाळ्यात घरीच खोलायची म्हणतोय, बोला

आंबेवाला:
मंडळी सल्ला हवाय, विरोध असेल तर तोही सांगा. आमची १९९८ ची मारुती ओम्नी आहे, कार्बोरेटरवाली, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, बाबांनी घेतलेली. आंब्याच्या सीझनला बागेतून पेट्या आणायला तीच. यंदा चढावर दम टाकायला लागली, सकाळी स्टार्ट केली की निळा धूर, ऑइल पण खाते. १५ वर्षं झाल्यावर तीनदा पाच-पाच वर्षांचं पासिंग करून घेतलंय, २०२३ ला ५००० फी भरली वर ग्रीन टॅक्स, म्हणजे २०२८ पर्यंत कागद क्लिअर आहेत. आता पाऊस लागला की चार महिने उभीच असते, तर पडवीत घेऊन सगळं स्वतः करायचं ठरवलंय, इंजिन उतरवून पिस्टनच्या रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व, क्लच प्लेट, मग ब्रेक आणि मागचे पाटे (स्प्रिंगा). बाईकचं इंजिन दोनदा खोलून बसवलंय. एका गॅरेजवाल्याने मागे हेडचं (इंजिनच्या वरच्या भागाचं) काम केलं आणि दोन बोल्ट नीट आवळलेच नव्हते, तेव्हापासून कोणाच्या हातात द्यायचा जीव होत नाही.

उद्यमनगरी:
माझा विरोध. कोल्हापुरात बोअरिंगच्या मशीनवर आयुष्य गेलं म्हणून सांगतो. सिलिंडर किती झिजलाय हे डोळ्याला दिसत नाही भावा, आतला व्यास मोजायचं बोअर गेज लागतं. वर जिथं रिंग थांबते तिथं एक कड तयार झालेली असते, नख फिरवलं की लागते, ती तशीच ठेवून नव्या रिंगा घातल्या की वरची रिंग कडेवर आपटून तुटते, आणि मग पोतंभर सामान घेऊन लोक आमच्याकडे येतात. झीज जास्त असेल तर बोअर वाढवून ओव्हरसाइज पिस्टन, क्रँक घासला असेल तर ग्राइंडिंग. घरी यातलं काय होणार?

दहा_बाराचा_पाना:
उद्यमनगरी, लेथवाल्याचं काम लेथवालाच करणार, त्यात वाद नाही, पण खोलणं-बसवणं घरी का नको? ब्लॉक आणि क्रँक तुमच्याकडे पाठवेल की तो. माझं म्हणणं वेगळंच आहे, इंजिन खोलायचं कशाला? आंबेवाला, धूर फक्त सकाळी येतो आणि मग थांबतो का? तसं असेल तर व्हॉल्वची सीलं गेलीत, रात्रभर ऑइल झिरपून सिलिंडरमध्ये उतरतं. रेस केल्यावर धूर मारत राहिली तर रिंगा. इंजिन गरम असताना तिन्ही प्लग काढ, पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबून गेजने कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) घे. ज्यात कमी येईल त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोड, परत घे. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व किंवा हेडचं पॅकिंग. एवढं केल्याशिवाय पान्याला हात लावू नकोस.

विकून_मोकळा:
एवढ्या जुन्या गाडीत पैसे घालू नका, ओम्नी कंपनीनेच २०१९ ला बंद केली. सेकंडहँड मारुती ईको व्हॅन घ्या.

दहा_बाराचा_पाना:
बंद झाली म्हणून सामान बंद नाही झालं. मारुती ८०० चं इंजिनही ७९६ चंच, बरंच सामान एकच, तालुक्याच्या दुकानात पण मिळतं.

घाटवाट:
तुम्ही सगळे इंजिनावर अडकलात. ओम्नीला पुढे बॉनेट नाही, ड्रायव्हरचे पाय पुढच्या चाकाच्याही पुढे असतात, धडकली तर मध्ये फक्त पत्रा. पेट्या भरून उतारावरून येणाऱ्या गाडीचं आधी ब्रेकचं बघा. मागची चाकं काढा, व्हील सिलिंडरचं रबर मागे सरकवून बघा, आत ओलं असेल तर गळतोय. होज पाइप चिरलाय का, ब्रेक ऑइल काळं पडलंय का. ते ऑइल हवेतला ओलावा ओढतं, उतारावर ब्रेक तापले की त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल आत जातं. मी हे अनुभवलंय, आजही अंगावर काटा येतो. इंजिन बंद पडलं तर गाडी उभी राहील, ब्रेक गेला तर नाही राहणार.

आंबेवाला:
पटलं. धूर सकाळचाच जास्त आहे, चढावर मात्र नीट लक्ष दिलं नव्हतं. पण इंजिन खोलायची इच्छा खरंच आहे, बाबांनी मला याच गाडीवर प्लग साफ करायला शिकवलं.

उद्यमनगरी:
इच्छा कळते रे. पण ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटांखाली, ते खालून उतरवतात आणि वरून बॉडी उचलावी लागते. जांभ्याची पडवी, पावसात ओल, जॅक तिरका झाला की संपलं. जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही, चारही बाजूंना घोड्या (लोखंडी स्टँड) आणि खाली जाड फळ्या. आणि कोकणातल्या दमट हवेत उघडा बोअर दोन दिवसांत लाल होतो, खोललास तर लगेच ऑइल चोपडून प्लास्टिकने बांध. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच उतरव, बसवताना बोल्ट मधल्यापासून बाहेरच्याकडे टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्यानेच (किती जोर लागतोय ते दाखवणारा पाना). सील आणि व्हॉल्वपर्यंत घरी कर, माझी हरकत नाही. खालचा भाग (पिस्टन, क्रँक) उघडायला अजून विरोधच आहे.

आंबेवाला:
मग असं करतो, आधी मागचे ड्रम उघडतो, व्हील सिलिंडर आणि होज नवे टाकतो. टायमिंग बेल्ट कधी बदललाय ते घरात कोणालाच आठवत नाही, तो पण आणतो. रविवारी कॉम्प्रेशन घेऊन तिन्ही आकडे इथे टाकतो.

घाटवाट:
टाक. आणि गाडीखाली असशील तेव्हा घरातलं कोणीतरी ओटीवर बसलेलं असू दे.