चिठ्ठीत नाव आहे म्हणून आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा गुन्हा ठरतो का?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर)

माझा धाकटा भाऊ येथील एका पतसंस्थेच्या वसुली विभागात नोकरी करतो. एका थकबाकीदार सभासदाने गेल्या महिन्यात आत्महत्या केली आणि त्यांच्या चिठ्ठीत भावाचे नाव आहे. तो नोटीस घेऊन त्यांच्या घरी गेला होता व फोनही करत होता, हे तो नाकारत नाही. त्या कुटुंबावर कोसळलेल्या दुःखाची आम्हाला पूर्ण जाणीव आहे. मात्र एवढ्यावरून भारतीय न्याय संहितेचे कलम १०८ लागते का, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर (वकील, कसबा बावडा)

ताई, चिठ्ठीतील नाव हे तपासाचे कारण असते. तेवढ्याने अपराध सिद्ध होत नाही. जुन्या दंड संहितेतील कलम ३०६ हेच १ जुलै २०२४ पासून कलम १०८ झाले असून शिक्षा दहा वर्षांपर्यंतचा कारावास आणि दंड अशी आहे. प्रवृत्त करणे म्हणजे काय, हे कलम ४५ सांगते: चिथावणी देणे, कटात सामील होणे किंवा जाणूनबुजून साह्य करणे. यांपैकी काहीतरी आरोपीने केले, तेही समोरच्याने जीव द्यावा किंवा त्याच्यापुढे दुसरा मार्गच उरू नये अशा हेतूने केले, आणि ती कृती मृत्यूशी जवळून जोडलेली आहे, हे पुराव्यातून दिसावे लागते.

रागाच्या भरात, परिणाम मनात न आणता उच्चारलेला शब्द चिथावणी ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने रमेश कुमार विरुद्ध छत्तीसगड राज्य (२००१) या निकालात म्हटले. संजू ऊर्फ संजय सिंग सेंगर प्रकरणात (२००२) तर भांडणात ‘जा, मर’ असे म्हटल्याचा आरोप होता आणि चिठ्ठीही होती, तरी दोषारोपपत्र रद्द झाले. आपल्या भावासाठी सर्वांत जवळचा निकाल जानेवारी २०२५ मधील महेंद्र आवासे प्रकरणाचा आहे. तेथेही विषय कर्जवसुलीचाच होता. मालकाच्या सांगण्यावरून थकीत कर्ज वसूल करणाऱ्या कर्मचाऱ्याला न्यायालयाने दोषमुक्त केले. शोकाकुल कुटुंबाच्या समाधानापुरते हे कलम यांत्रिकपणे लावू नये, असे पोलिसांना बजावले आणि खालच्या न्यायालयांनाही सावध केले.

उत्तर (कागल)

वकीलसाहेबांचे म्हणणे मान्य आहे, परंतु वसुली करणाऱ्या प्रत्येकाला यातून अभय मिळते असा अर्थ कोणी काढू नये. उदे सिंग विरुद्ध हरियाणा राज्य (२०१९) या प्रकरणात एका मुलीचा चारचौघांत पुन्हा पुन्हा अपमान केला गेला होता आणि सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम ठेवली. म्हणून प्रश्न फोन केला की नाही एवढाच नसून तो किती वेळा, कोणत्या वेळी आणि कोणत्या शब्दांत केला, दारात उभे राहून शेजाऱ्यांसमोर अब्रू काढली का, धमकी दिली का, हा आहे. थकबाकीदारालाही अब्रू असते, आणि तगादा लावणाऱ्याने ती घालवली असेल तर त्या घरच्यांना न्याय मागण्याचा पूर्ण हक्क आहे. आपण भावाला हे आधी विचारा.

उत्तर (वकील, कसबा बावडा)

वरील मुद्दा रास्त आहे, आणि म्हणूनच फोनच्या नोंदी, संदेश, नोटिसांच्या प्रती व संस्थेचे लेखी आदेश आहेत तसे जपून ठेवावेत. एकही संदेश पुसू नये. गुन्हा नोंदवताना तक्रारीतील मजकूर पाहिला जातो, दोष सिद्ध करताना संपूर्ण पुरावा, आणि या दोन टप्प्यांच्या मध्ये दोषारोप ठेवण्यापूर्वी दोषमुक्तीचा अर्ज करता येतो. गुन्हा अजामीनपात्र असल्याने अटकेची शक्यता दिसताच सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज करावा. गुन्हा रद्द करण्याच्या याचिकेसाठी आता मुंबईला जावे लागत नाही. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू आहे. मृताच्या कुटुंबाला मात्र भावाने किंवा आपण सध्या परस्पर भेटू नये, कारण सांत्वनाची भेटसुद्धा साक्षीदारांवर दबाव म्हणून मांडली जाऊ शकते.