मदत हवी आहे : तिसरीतल्या मुलीला ग्रामसभेत बोलायचंय, तयारी कशी करून घेऊ?

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी गावातल्या जिल्हा परिषद शाळेत तिसरीत आहे. शाळेच्या मागच्या भिंतीला लागून गावाचा कचरा टाकतात आणि दुपारी पेटवून देतात. त्यात प्लॅस्टिकच जास्त. धूर आला की बाई खिडक्या लावून घेतात, लाइट नसली की मग फळ्यावरचं काही दिसत नाही. लेकीच्या शेजारी बसणाऱ्या मुलीला दमा आहे, तिला उचलून ऑफिसात बसवतात. "आई, तिचं गणित सारखं बुडतं, हे कोणाला सांगायचं?" असं हिने विचारलं. मी म्हटलं, ग्रामपंचायतीला. तर आता तिला 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत स्वतः उभं राहून सांगायचंय.

तिने बोलावं असं मला मनापासून वाटतं. पण आमच्याकडे लहान मूल माइकसमोर उभं राहिलं की ते भाषणच झालं पाहिजे. शेजारच्या काकांनी लगेच पानभर लिहून दिलं, 'आदरणीय व्यासपीठ'पासून पर्यावरणाच्या समतोलापर्यंत. पोरगी घडाघडा पाठ म्हणते, पण त्यात तिची मैत्रीण कुठेच नाही. असं बोललं की लोक टाळ्या वाजवतात, कोणी पन्नासची नोट हातावर ठेवतं आणि विषय तिथेच मिटतो. हिला उत्तर हवंय.

सासूबाई म्हणतात, लहान तोंडी मोठा घास कशाला? गाव लहान आहे, रोज त्याच माणसांत वावरायचं असतं, त्यामुळे त्यांची काळजी मला कळते.

शब्द तिचेच राहतील, पण ती अडखळणार नाही, अशी तयारी कशी करून घ्यावी? मतदार यादीत नाव नसताना तिला बोलू देतील का? आणि कोणी "बस खाली" म्हटलं तर? आधी काय सांगून ठेवू?

प्रतिसाद :

ताई, मी जि. प. शाळेवर शिक्षक आहे. ग्रामसभा मतदारांची असते, म्हणून सरपंचांना आधी भेटून तिच्या बोलण्याची परवानगी घ्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुमच्या सहीचा अर्ज ग्रामपंचायतीत देऊन पोच घ्या. ठराव झाला नाही तर मुलीचं बोलणं हवेत जाईल. शाळा व्यवस्थापन समितीतही हा विषय ठेवा. कोणी हक्काचं विचारलं तर संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारातलं 12 वं कलम सांगा. मुलांशी संबंधित गोष्टींत त्यांचं म्हणणं ऐकून घ्यायचं, असं त्यात आहे आणि भारताने तो करार 1992 मध्ये स्वीकारलाय.

काकांनी लिहून दिलेला तो कागद मात्र तिच्याकडून आजच काढून घ्या. परिपाठात मी मुलांना एवढंच विचारतो : काय बघितलंस, त्रास कोणाला होतो, काय व्हायला हवं? हेच तिला घरात रोज वेगळ्या माणसाला सांगू द्या, पहिल्यांदा आजीला. आजी मध्येच प्रश्न विचारतील, ती सवय फार उपयोगी पडते. मैत्रिणीच्या आजाराबद्दल चारचौघांत बोलण्याआधी तिच्या आईवडिलांना विचारा, नाव घेऊच नका.

"बस खाली" म्हणाले तर खाली बसायच्या आधी "मग उत्तर कधी देणार?" एवढं विचारायचं, हे तिला सांगून ठेवा. तुम्ही तिच्या शेजारीच उभ्या राहा.

आणि कचरा टाकायला गावात दुसरी जागा कुठे आहे? तिला सगळ्यात आधी तेच विचारतील.