जात्यावरची ओवी बँडवर बसवताना चाल का बिघडते?

प्रश्न : सोलापुरातल्या आमच्या बँडला एक ओवी गिटार-ड्रम्सवर घ्यायची आहे. चाल काफी रागाच्या अंगाची (गंधार, निषाद कोमल), षड्ज डी. डी मायनर आणि ए मेजर हे कॉर्ड धरले की ती थेट सिनेमातलं गाणं वाटते. फेअरपोर्ट कन्व्हेन्शन, स्टीलाय स्पॅन हे ब्रिटिश फोक-रॉक बँड लोकगीताची चाल कशी सांभाळायचे?

उत्तर १ : आधी ए मेजर काढून टाका. त्यात सी शार्प आहे, म्हणजे शुद्ध निषाद. तुमच्या चालीत तो कोमल. डी, सी, जी एवढंच पुरे, आणि डीच्या कॉर्डमध्ये गंधार वाजवूच नका. अकूस्टिक गिटार डॅडगॅड (DADGAD) ट्यूनिंगला लावा: सहावी आणि पहिली तार ईवरून डी, दुसरी बीवरून ए. ब्रिटिश गिटारवादक डेव्ही ग्रॅहमने रुळवलेली ही पद्धत. सा-प घुमत राहतो, गळा मोकळा राहतो. तारा बारीक असतील तर उतरवलेली सहावी खडखडते, 0.012 इंचाचा (पहिल्या तारेची जाडी) सेट घ्या.

उत्तर २ : फेअरपोर्टच्या ‘लीज अँड लीफ’ अल्बममधलं (1969) ‘मॅटी ग्रोव्हज’ नीट ऐका. कडव्यांची चाल शेवटपर्यंत तीच, चढत जाते ती साथ. वाद्यांचा लांब तुकडा गाणं संपल्यावर. ओवीत ओळीचा शेवट लांबतो, तो चार मात्रांत कोंबू नका, दोन मात्रा वाढवा. बायका गातात तसंच राहू द्या, जीव तिथेच आहे!

प्रश्नकर्ता : आणि हलगी?

उत्तर २ : हलगी असेल तर स्नेअर ड्रम बंद, दोन्ही एकाच ध्वनिपट्ट्यात कडाडतात. किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) फक्त समेवर. पावसाळी हवेत कातडं उतरतं, वाजवण्याआधी शेकून घ्या.