दहावीच्या कच्च्या मुलांना इंग्रजीतली गोष्ट शिकवावी की नुसतं पासिंग बघावं?

इंग्रजीच्या बाई, सोलापूर
आमच्याकडे नुकतंच ठरलं, की ज्यांना इंग्रजी वाचता येत नाही त्यांच्यासाठी धडे-कवितांवर वेळ घालवायचा नाही. पत्रलेखन, व्याकरण आणि रसग्रहणाचा साचा घोटून घ्यायचा आणि मुलं ३५ च्या वर काढायची. मला हे अजिबात मान्य नाही. हुशारांना साहित्य आणि कच्च्यांना साचा, ही वाटणी अन्यायाची आहे.

दहावीच्या कुमारभारती या इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकात रस्किन बाँड यांची 'द थीफ्स स्टोरी' आहे. पंधरा वर्षांचा चोर, आणि त्याला लिहायला-वाचायला शिकवणारा अनिल. मुलगा अनिलचे पैसे चोरून स्टेशनवर जातो, पण गाडीत चढत नाही. पावसात भिजत परत येतो आणि पैसे होते तिथे ठेवून देतो. सकाळी अनिल त्याला पन्नासची नोट देतो. ती अजून ओली असते. अनिल चोरीबद्दल अवाक्षर काढत नाही.

हा भाग मी मोठ्याने वाचते, मुलं ओळीखाली बोट फिरवत येतात. मग विचारते, नोट ओली का? मराठीत सांगा, तेलुगूत सांगा, कन्नडमध्ये सांगा. आमच्या पूर्वभागात इंग्रजी ही कितीतरी मुलांची चौथी भाषा आहे. तरी मागच्या बाकावरून उत्तर येतं, "अनिलला कळलंय बाई." एवढं ज्याला उमगतं, त्याला गोष्ट नाकारायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

वर्गशिक्षक दहावी
बाई, त्याला ऐकून कळतं, वाचता येत नाही. बोर्डाच्या परीक्षेला हॉलमध्ये कुणी वाचून दाखवणार नाही.

माझ्या वर्गातल्या मुलाचं पुस्तक उघडून बघा. प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने बारीक देवनागरी. 'नाईट'वर आधी 'निघट' लिहिलेलं, ते खोडून वर 'नाईट'. देवनागरीत लिहिलंय तसं वाचायची सवय, आणि इंग्रजीत अशा शब्दांत जी-एच उच्चारायचे नसतात हे कुणी धड बसून शिकवलेलंच नाही. त्याला आधी अक्षरांचे उच्चार पाहिजेत. तेवढा वेळ नसेल तर निदान पास करा. नापास झालेली मुलगी पुन्हा शाळेत दिसत नाही, आईशेजारी विड्या वळायला बसते. शीर्षक, कवी, यमक, अलंकार, आशय एवढं पाठ करून रसग्रहणाच्या ५ गुणांतले काही पदरात पडत असतील, तर मी ते पाठ करून घेणार.

इंग्रजीच्या बाई, सोलापूर
पास व्हायलाच हवं, सर. पण ८० गुणांच्या लेखी पेपरात पुस्तकाबाहेरचा उताराही असतो. त्याचं उत्तर कुठल्या गाईडात मिळणार? आणि उच्चार मीही शिकवते, रोज तासाच्या सुरुवातीला, त्याच धड्यातले शब्द घेऊन. 'नाईट' आला की फळ्यावर 'लाईट', 'राईट', 'फाईट'. जो शब्द गोष्टीत भेटलाय, तो पोरं विसरत नाहीत.

निवृत्त मास्तर
तुम्ही दोघं वरच्या मजल्यावर भांडताय. असर या शिक्षण-पाहणीचा २०२३ चा अहवाल ग्रामीण भारतातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांचा आहे. त्यात साधारण चौथा हिस्सा मुलांना आपल्या भाषेतला दुसरीचा मजकूरही सलग वाचता येत नव्हता. अशा मुलाला इंग्रजी गोष्ट नको आणि साचाही नको. त्याला आधी मराठी वाचायला बसवा.

एक पालक
मी यंत्रमागावर असतो. पोराला गोष्टी कळून काय करायचं ओ बाई? पुण्याला कामाला गेला की दोन वाक्यं इंग्रजीत बोलता यायला पाहिजेत की. ते कोण शिकवणार?

क्लासवाले सर
मधला मार्ग आहे. कच्च्या मुलांना त्याच गोष्टीची सोपी, एका पानाची आवृत्ती द्या.

इंग्रजीच्या बाई, सोलापूर
एका पानात "चोराला पश्चात्ताप झाला" एवढंच उरतं, ओली नोट गळून जाते. मूळ गोष्टीतली वाक्यं तशी साधीच आहेत, ती गाळायची गरज नाही.

पालकदादा, बोलायला आधी बोलण्यासारखं काही लागतं. नोटेबद्दल जे तेलुगूत सांगितलं तेच मुलं मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगतात, तो बोलण्याचाच सराव आहे.

मास्तर, दहावीतल्या मुलाला दुसरीच्या पुस्तकासमोर बसवलं की तो मान खाली घालतो आणि उद्यापासून येत नाही. मराठी वाचन हवंच, पण त्याच्या वयाचं.

आणि त्याच पुस्तकात रवींद्रनाथांची निर्भय मनाची, ताठ मानेची कविता आहे. ती घेताना मी आमच्या सोलापुरातल्या, स्वातंत्र्यलढ्यातल्या हुतात्म्यांच्या चार हुतात्मा चौकाबद्दल विचारते. त्या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली, हे मुलांना माहीत असतं. मग कवितेतलं भय कसलं, हे त्यांना वेगळं समजवावं लागत नाही.

वर्गशिक्षक दहावी
तो इतिहासाचा तास झाला. त्यात कविता वाचली किती जणांनी?

मला एवढंच सांगा, दोन धडे असे निवांत घेतलेत तर बाकीच्यांचं काय? पाठ्यपुस्तकातला उतारा कुठल्याही धड्यातून येतो.

इंग्रजीच्या बाई, सोलापूर
बाकीचे भराभर घेते, तुमच्यासारखेच. पण हे दोन सहामाहीआधी पूर्ण, शेवटच्या ओळीपर्यंत, आणि कच्ची मुलं पहिल्या बाकावर. तुमच्या तुकडीत एकदा वाचू द्या. 'निघट' लिहिणारा मुलगा कुठे बसतो तेवढं सांगा.