मदत हवी आहे: ऑइल प्रेशर गेजचा सेंडर (प्रेशर मोजून गेजला कळवणारा भाग) बसवायचाय, पण डॅशबोर्डवरचा मूळ ऑइल दिवाही चालू ठेवायचाय

इंजिन नुकतंच बांधून घेतलंय. क्रँक पॉलिश झाला, बेअरिंग नवे, ऑइल पंपही नवा. एवढं काम केल्यावर ते बेअरिंग नुसत्या एका लाल दिव्याच्या भरवशावर सोडायला मन तयार नाही. मूळ स्विच साधारण ०.३ ते ०.५ बारला दिवा लावतो. म्हणजे गरम इंजिन ३००० आरपीएमवर असताना प्रेशर चार बारवरून दीडवर आलं तरी दिवा गप्पच राहणार. तो पेटेपर्यंत बेअरिंगचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

मेकॅनिकल गेज मुद्दाम टाळला, कारण त्याच्या बारीक नळीतून गरम ऑइल थेट डॅशबोर्डमागे येतं. इलेक्ट्रिक घेतलाय, ० ते १० बारचा. सोबत एका टर्मिनलचा सेंडर आहे, १० ते १८० ओहमचा. सेंडरचे आटे १/८ एनपीटी (अमेरिकन निमुळते पाइप-आटे).

आता अडलंय ते असं. मूळ स्विच काढून पाहिला, तर त्याचे आटे १/८ बीएसपी (ब्रिटिश पाइप-आटे) आहेत, १/८ एनपीटी आहेत की मेट्रिक एम१० बाय १, हे कळत नाही. बाहेरचा व्यास कॅलिपरने दहाच्या आसपास येतो आणि तिन्ही तिथेच घुटमळतात. सेंडर दोन-अडीच फेरे हाताने आत जातो आणि मग घट्ट होतो. पाना लावून पुढे रेटायचा धीर होत नाही, ब्लॉक अॅल्युमिनियमचा आहे.

दुसरं, स्विच आणि सेंडर दोन्ही ठेवायला पितळी टी (तीन तोंडांचा जोड) लावून तो सरळ ब्लॉकवर बसवला तर चालेल का? की ऑइल फिल्टरखाली सँडविच प्लेट (ब्लॉक आणि फिल्टरच्या मधे बसणारी, पोर्ट असलेली चकती) लावू? आणि आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली तर सेंडरला अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडणी) मिळणार कसा? ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगावं, घाई अजिबात नाही.

प्रतिसाद

पाना लावला नाहीत हे फार चांगलं केलंत. सेंडर तसाच बाहेर काढा.

ही तिन्ही मापं जवळची आहेत म्हणूनच इतके ब्लॉक खराब होतात. व्यासावर जाऊ नका, पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, मोजा. बीएसपीला इंचात २८ आटे, म्हणजे पिच ०.९०७ मिमी. एनपीटीला २७, म्हणजे ०.९४१. एम१० बाय १ ला सरळ १ मिमी. पिच गेजची पाती मूळ स्विचच्या आट्यांवर ठेवून उजेडासमोर धरा. योग्य पात्याखालून उजेड दिसत नाही, चुकीचं पातं दोन-तीन आट्यांनंतर उचललं जातं. आट्यांचा कोनही वेगळा असतो: बीएसपीचा ५५ अंश, एनपीटी आणि मेट्रिकचा ६०. म्हणून एनपीटीचा सेंडर बीएसपीच्या भोकात थोडा जातो, घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि गरम ऑइलचं प्रेशर आलं की आट्यांतून पाझरतो.

मग स्विचच्या टोकाशी आणि मुळाशी असा दोनदा व्यास घ्या. निमुळते आटे १६ ला १ या प्रमाणात जाड होत जातात, म्हणजे ८ मिमी लांबीत अर्धा मिमी फरक दिसायलाच हवा. फरक नसेल तर आटे समांतर. समांतर आट्यांचं सिलिंग तांब्याच्या वॉशरवर होतं, तिथे टेपचं कामच नाही. निमुळत्या आट्यांना टेपऐवजी द्रवरूप थ्रेड सीलंट वापरा आणि पुढचे एक-दोन आटे कोरडे ठेवा. टेपचा तुकडा सुटून ऑइलच्या वाटेत गेला तर नव्या बेअरिंगची सगळी मेहनत वाया जाईल.

टी ब्लॉकवर टांगू नका, हे कळकळीने सांगतोय. या सेंडरचा डबा चांगला वजनदार असतो आणि इंजिनच्या कंपनात पितळी टी आट्यांच्या मुळाशीच तुटतो. तुटला की सगळं ऑइल पूर्ण प्रेशरने बाहेर, कदाचित तापलेल्या एक्झॉस्टवर. ब्लॉकमध्ये फक्त योग्य आट्यांचा छोटा अडॅप्टर बसवा, तिथून ऑइल आणि उष्णता सोसणारा जाळीदार होज काढा आणि गाडीच्या बॉडीवर ब्रॅकेट लावून त्यावर टी घट्ट बसवा. इंजिन झटक्यात हलतं, तेव्हा होजला थोडी ढील हवी. जाळी वायरवर घासू देऊ नका, तिच्या पोलादी तारा इन्सुलेशन करवतीसारख्या कापतात.

सेंडर बॉडीवर गेला की अर्थचा प्रश्नही सुटतो: टीवर क्लिप लावून वेगळी वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडा. मग सीलंटमधून अर्थ मिळतो की नाही याचा विचार करायला नको. सेंडर आवळताना पाना खालच्या षटकोनावरच लावा. डबा धरून फिरवला तर आतला पडदा बिघडतो.

सँडविच प्लेट मी तरी लावणार नाही. फिल्टर खाली येतो, एक जास्तीचा ओ-रिंग गळायला मिळतो, आणि पोर्ट फिल्टरच्या आधी असेल तर काटा बेअरिंगपर्यंत पोचणारं प्रेशर दाखवतच नाही. मूळ स्विच सहसा फिल्टरनंतरच्या मुख्य गॅलरीवर (बेअरिंगांना ऑइल नेणाऱ्या वाटेवर) असतो. तिथलाच आकडा तुम्हाला हवाय.

प्रतिसाद

टीची भानगडच नको असेल तर दोन टर्मिनलचा सेंडर मिळतो. व्हीडीओ कंपनीच्या सेंडरवर जी आणि डब्ल्यूके अशी अक्षरं असतात: जी गेजला, डब्ल्यूके दिव्याला. एकाच भोकातून दोन्ही कामं होतात. फक्त आधी मूळ स्विचची रीत तपासा. इग्निशन ऑन, इंजिन बंद, दिवा पेटलेला असताना स्विचची वायर काढा. दिवा विझला तर स्विच कमी प्रेशरला अर्थ देतो आणि डब्ल्यूके तिथे चालतो. उलट घडलं तर हात लावू नका.

प्रतिसाद

डब्ल्यूके चालेल, पण तो कोणत्या प्रेशरला जुळतो ते मूळ स्विचशी ताडून पाहावं. मी मूळ स्विचच ठेवला असता. दिवा आणि काटा स्वतंत्र असले की एक खोटं बोलला तर दुसरा सांगतो.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. पिच गेजवर २८ चं पातं बसलं आणि व्यासात फरकही दिसला, म्हणजे निमुळता बीएसपी. अडॅप्टर, होज आणि टी बॉडीवर, मूळ स्विचही टीवरच. गळती नाही. थंड इंजिनला काटा पाचच्या वर, गरम झाल्यावर ३००० आरपीएमला चारच्या आत, आयडलला जेमतेम एक. हे ठीक आहे का? आणि हेडलाइट लावले की काटा थोडा हलतो, ते कशामुळे?

प्रतिसाद

आकडे छान आहेत. दर १००० आरपीएममागे १० पीएसआय, म्हणजे सुमारे ०.७ बार, हा जुना ठोकताळा. खरा आकडा तुमच्या इंजिनच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच धरा. थंडीत पाचावर जाऊन थांबतो तो रिलीफ व्हॉल्व्हमुळे (जास्तीचं प्रेशर सोडून देणारी झडप).

काटा हलतो तो अर्थमुळे. गेजच्या मागे आतल्या दिव्याची आणि गेजची अर्थ वायर एकत्र करून डॅशच्या कुठल्यातरी स्क्रूला दिली असेल. गेजची अर्थ वेगळी काढून बॉडीच्या खरवडलेल्या, रंग नसलेल्या जागी द्या. गेजचा प्लस इग्निशनवरून घेताना लहान फ्यूज घातलाय ना, तेही बघा.

मग एक चाचणी करा: इग्निशन ऑन, सेंडरची वायर काढून अर्थला टेकवा, काटा शून्यावर आला पाहिजे. मोकळी सोडली की वरच्या टोकाला गेला पाहिजे. १० ते १८० ओहमच्या गेजची रीत हीच. २४० ते ३३ ओहमवाल्यात हे बरोबर उलटं होतं, त्यामुळे पुढे कधी सेंडर बदलावा लागला तर ओहम जुळवूनच घ्या.

आणि काही दिवस चालवल्यावर होजची दोन्ही टोकं कोरड्या कापडाने पुसून बघा. निमुळता आटा पाझरायचा असेल तर तो गरम-थंडच्या फेऱ्यांनंतरच पाझरतो.