आधी चित्र, मग कविता

चार वर्षांच्या पोरीला कविता कुठं कळणार, असं पुष्कळ जण विचारतात म्हणून लिहिते. अहो, कळायला नाही, ऐकायला वाचायची. मी झोपताना एक ओळ वाचते आणि गप्प बसते, लेक चित्रावर बोट फिरवत राहते. आमच्या पुस्तकात पावसाच्या कवितेच्या पानावर अगदी खालच्या कोपऱ्यात झाडाच्या पानाखाली दडलेली गोगलगाय आहे, कवितेत तिचं नावसुद्धा नाही, मला महिनाभर दिसली नव्हती, लेकीनंच दाखवली आणि आता ती कविता आली की हळूऽऽ म्हणते, गोगलगायीसारखी! एवढं मिळालं की अर्थ कशाला विचारायचा.

साताऱ्याकडं असाल तर पोरांना भिलारला न्याच, २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे, लोकांच्या घरात बसून फुकट वाचता येतं. आणि औंधचं म्युझियम, यमाईच्या डोंगरावरचं. तिथं रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत. ते म्युझियम उभं करणारे औंधचे राजे पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, रामायणसुद्धा त्यांनी चित्रांतून मांडलं. पोराला कडेवर घेऊन एकाच चित्रापुढं उभं राहा, सगळं म्युझियम एका दिवसात उरकू नका. आमची तर सैरंध्रीच्या, म्हणजे अज्ञातवासातल्या द्रौपदीच्या, चित्रापुढनं हलेचना, "आई, ती घाबरलीय का गं?" म्हणून तीनदा विचारलं.