सेंटओएस 7 वर शेरा आलाय: सपोर्ट विकत घ्यावा की फाउंडेशनच्या डिस्ट्रोवर जावं?

कोअरडंप:
एका नागरी सहकारी बँकेत 6 सर्व्हर अजून सेंटओएस 7 वर, म्हणजे रेड हॅटच्या लिनक्सच्या फुकट आवृत्तीवर, चालतात. दोनांवर पोस्टग्रेस डेटाबेस, बाकीच्यांवर अपाचे-पीएचपीची वेब अ‍ॅप आणि मॉनिटरिंग. कोअर बँकिंग यात नाही. आयएस (माहिती प्रणाली) ऑडिटमध्ये शेरा आला की ऑपरेटिंग सिस्टिमला सपोर्ट नाही, कराराची प्रत जोडा. संचालकांचा सवाल: फुकट म्हणून घेतलं होतं, आता पैसे कशाला? आता कुठला लिनक्स डिस्ट्रो घ्यावा: अल्मा, रॉकी, डेबियन, उबुंटू की सरळ पगारी रेड हॅट? आणि एखाद्या फाउंडेशनला देणगी दिली तर ती पावती ऑडिटला चालेल का?

रूट_मिरज:
देणगीची पावती चालणार नाही. देवस्थानाला अभिषेकाचे पैसे दिले म्हणून पुजारी रात्री दोनला फोन उचलत नाहीत. डेबियनचे पैसे आणि ट्रेडमार्क अमेरिकेतल्या सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट या ना-नफा संस्थेकडे असतात, फ्रीबीएसडी या दुसऱ्या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमचा ट्रेडमार्क फ्रीबीएसडी फाउंडेशनकडे. या संस्था सर्व्हर, परिषदा, कायदेशीर कामं आणि काही डेव्हलपरांचे पगार सांभाळतात. तुमच्याशी एसएलए, म्हणजे ठरल्या वेळेत सेवा देण्याचा करार, करत नाहीत.

ऑडिटरला आधी लेखी विचारा की नेमकं काय हवं: सुरक्षा पॅच येत राहणं, की कोणीतरी ठरल्या वेळेत उत्तर देणं? नुसते पॅच हवे असतील तर अल्मा किंवा डेबियनचं अधिकृत सपोर्ट वेळापत्रक आणि तुमचा पॅच रजिस्टर पुरायला हवा. उत्तर देणारा हवा असेल तर विकत घ्यावंच लागेल.

पॅचपंचमी:
उबुंटू प्रो (उबुंटूचं वाढीव पॅचचं सबस्क्रिप्शन) 5 मशीनपर्यंत फुकट आहे, छोट्या व्यावसायिक वापरालाही चालतं. एक सर्व्हर कमी करा, झालं काम.

रूट_मिरज:
फुकट प्रोमध्ये फक्त पॅच आहेत, तिकीट किंवा फोन नाही. तसा सपोर्ट पैसे भरून वेगळा जोडावा लागतो. शिवाय खातं कोणाच्या ईमेलवर? सिस्टिम अ‍ॅडमिनच्या वैयक्तिक खात्यावर बँकेचे सर्व्हर जोडले आणि तो नोकरी सोडून गेला की सर्व्हर जोडायचं टोकनही गेलं. रेड हॅटच्या 16 मशीनच्या फुकट डेव्हलपर सबस्क्रिप्शनची हीच गोम आहे. ते व्यक्तीच्या नावावर असतं, संस्थेसाठी नसतं. ऑडिटर ते बरोबर पकडतो.

उबुंटू घेतलंच तर एक लक्षात ठेवा: एलटीएसची (दीर्घ सपोर्टच्या आवृत्तीची) पाच वर्षांची नेहमीची हमी 'मेन' रेपोसाठी, म्हणजे पॅकेजांच्या मुख्य साठ्यासाठी, आहे. 'युनिव्हर्स'मधल्या पॅकेजची हमी प्रो जोडल्यावरच मिळते. प्रो सिक्युरिटी-स्टेटस ही कमांड चालवली की तुमची किती पॅकेजं कुठल्या रेपोतली आहेत ते दिसतं. डेबियनवर कुठल्या पॅकेजांचा सुरक्षा सपोर्ट संपलाय किंवा मर्यादित आहे ते डेबियन-सिक्युरिटी-सपोर्ट पॅकेजमधली चेक-सपोर्ट-स्टेटस कमांड दाखवते. डेबियनच्या एकूण पाच वर्षांपैकी शेवटचा एलटीएस काळ डेबियनची सुरक्षा टीम सांभाळत नाही. फ्रेक्सियन ही कंपनी प्रायोजकांकडून पैसे गोळा करून डेव्हलपरांना तासांप्रमाणे देते. त्यापुढचा वाढीव सपोर्ट, ईएलटीएस, पूर्ण व्यावसायिक.

यमयम_डीएनएफ:
तुमचा सगळा सेटअप रेड हॅट घराण्यातला आहे, तर उगाच डेबियनकडे जाऊ नका. माझं मत: चार अ‍ॅप सर्व्हर अल्मा 9 वर, पोस्टग्रेसचे दोन पगारी आरएचईएल 9 (रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स) वर, तेही भारतीय भागीदाराकडून रुपयांतल्या बिलावर. परदेशी कंपनीला थेट पैसे दिले तर रिव्हर्स चार्जने 18 टक्के जीएसटी तुम्हीच भरायचा, शिवाय टीडीएसचा प्रश्न. सीएला आधी विचारा. सबस्क्रिप्शन घेताना स्टँडर्ड की प्रीमियम ते बघा: स्टँडर्डला कामाच्या वेळेतच प्रतिसाद, गंभीर बिघाडाला चोवीस तास हवे तर प्रीमियम.

अल्मा आणि रॉकी दोन्ही निघाले ते रेड हॅटने डिसेंबर 2020 मध्ये सेंटओएस 8 चा सपोर्ट 2021 अखेरच संपवायचं जाहीर केल्यावर. अल्मामागे ना-नफा फाउंडेशन आहे, पण व्यापारी संघटनेच्या प्रकारातलं, धर्मादाय नव्हे. रॉकीमागची संस्था पब्लिक बेनिफिट कॉर्पोरेशन आहे, पगारी सपोर्ट सीआयक्यूसारख्या कंपन्या विकतात. जून 2023 मध्ये रेड हॅटने सोर्स देण्याची पद्धत बदलल्यावर अल्माने हुबेहूब नक्कल सोडली आणि फक्त एबीआय सुसंगतता ठेवली, म्हणजे आरएचईएलसाठी बनवलेले प्रोग्राम तसेच चालावेत एवढंच. एखादा सॉफ्टवेअर विक्रेता "आरएचईएलच हवं" म्हणत असेल तर त्याच्याकडून अल्माबद्दल लेखी घ्या.

कोअरडंप:
धन्यवाद. जागच्या जागी अपग्रेड करावं का?

यमयम_डीएनएफ:
अ‍ॅप सर्व्हरवर जमेल, अल्माच्या एलिव्हेट या अपग्रेड साधनाने. 7 वरून थेट 9 होत नाही, मध्ये 8 लागतंच. सेंटओएसचे मिरर 30 जून 2024 नंतर बंद झालेत, म्हणून आधी रेपो व्हॉल्टकडे (जुन्या आवृत्त्यांच्या संग्रहाकडे) वळवा, नाहीतर पॅकेज बसवणारं यम पहिल्याच पायरीला अडतं. 7.9 पर्यंत अपडेट, स्नॅपशॉट, मग लीप प्री-अपग्रेड (एलिव्हेट ज्यावर चालतं त्या लीपची पूर्वतपासणी). ते नेहमी दोन गोष्टींवर थांबतं: एसएसएचमध्ये रूट लॉगिनची ओळ स्पष्ट लिहिलेली नसणं, आणि पाटा-एसीपीआयसारखे काढून टाकलेले ड्रायव्हर लोड असणं. रिपोर्टमधले 'इनहिबिटर' (अपग्रेड रोखणारे अडथळे) सगळे मिटल्याशिवाय पुढे जाऊ नका. अल्मा 8 वर जाताना पीएचपीची 5.4 वरून 7.2 वर उडी पडते; कोडमध्ये जुनी मायएसक्यूएल फंक्शनं असतील तर ती पीएचपी 7 पासूनच नाहीत. प्रोसेसरही तपासा: अल्मा आणि आरएचईएल 9 ला एक्स86-64-व्ही2 या पातळीचा लागतो, फार जुना चालत नाही. आरएचईएल 10 ला व्ही3 लागतो, अल्मा 10 ची मात्र व्ही2 बिल्डही मिळते.

पोस्टग्रेसला लीप लावू नका. नवीन मशीनवर आरएचईएल 9 टाका, पीजी-डंपऑल कमांडने सगळ्या डेटाबेसचा डंप घ्या, तिथे रिस्टोअर करा. डेटा डिरेक्टरी तशीच कॉपी केली किंवा स्ट्रीमिंग रेप्लिकेशनने नेली तर घात होतो: सेंटओएस 7 मध्ये जीलिबसी या मूळ सिस्टिम लायब्ररीची 2.17 आवृत्ती आहे आणि 2.28 मध्ये अक्षरांची क्रमवारी बदलली. खातेदारांच्या नावांसारख्या मजकुरावरचे इंडेक्स गुपचूप बिघडतात, शोधल्यावर असलेली ओळ सापडत नाही. तसंच न्यायचं असेल तर मजकूर असलेले सगळे इंडेक्स रीइंडेक्स करायचे, आणि युनिक इंडेक्स तयार होताना डुप्लिकेटचा एरर आला तर त्या ओळी हाताने तपासायच्या.

रूट_मिरज:
संचालकांच्या टिपणीत दोन वेगळे खर्च दाखवा. दोन सर्व्हरचं सबस्क्रिप्शन हा महसुली खर्च, दरवर्षीचा. अल्मा फाउंडेशनला द्यायचं असेल तर ते ऐच्छिक. परदेशी संस्थेला दिलेल्या पैशांवर 80जीची सवलत नाही आणि सीएसआरमध्येही धरता येत नाही, हे त्याच टिपणीत लिहा. नाहीतर पुढच्या ऑडिटला त्यावर वेगळा शेरा येईल.